माळवदावरची पिवळी शिंगं

चनमल्लप्पा हत्तुरे आमच्या सोलापूरच्या कॉलेजात वनस्पतिशास्त्राच्या प्रयोगशाळेत परिचर होते. परिचर हा हजेरीपटावरचा शब्द. प्रत्यक्षात ती प्रयोगशाळा त्यांचीच होती. १९७३ साली मी बार्शीहून तिथं शिकवायला रुजू झाले, तेव्हा विभागप्रमुखांनी पहिल्याच दिवशी सांगितलं, "काही अडलं तर पुस्तक नंतर उघडा, आधी चनमल्लप्पांना विचारा." मला वाटलं, नव्या बाईची थट्टा चाललीय. आठवड्याभरात कळलं की ते खरंच सांगत होते.

चनमल्लप्पा मूळचे मंद्रूपकडचे. शाळा सातवीपर्यंत. दोन वर्षं गिरणीत काढून ते कॉलेजात लागले, ते तिथलेच झाले. कपाळाला विभूती, अंगात पांढरा सदरा, आणि हातात न्हाव्याकडं असतो तसा वस्तरा. त्या वस्तऱ्यानं ते देठाचे, पानाचे इतके पातळ काप काढायचे, की काचेच्या बशीतल्या पाण्यात काप आहे की नाही हे बशी तिरकी केल्याशिवाय कळायचं नाही. मुलं सुट्टीहून येताना गावाकडची झाडंझुडपं घेऊन यायची. चनमल्लप्पा लांबूनच सांगायचे, "कॅसिया ऑरिक्युलाटा. म्हंजे आपला तरवड की." लॅटिन नावांना त्यांच्या तोंडी कानडी हेल यायचा, पण नाव चुकायचं नाही. बावीस वर्षांत ते कधी चुकल्याचं कुणाला आठवत नव्हतं. त्यांना स्वतःलाही नाही. याचा त्यांना अभिमान होता आणि तो ते लपवत नसत. "डोळ्याला दिसतंय ते मायक्रोस्कोपला कशाला इचारायचं?" असं ते मला दोनतीनदा म्हणाले होते.

१९७५ च्या सप्टेंबरात पाऊस लागून राहिला होता. आठ-आठ दिवस ऊन नाही, अशी सोलापूरला सवय नाही. अशाच एका दुपारी त्यांची शेजारीण काशम्मा प्रयोगशाळेच्या दारात येऊन उभी राहिली. पदराआड धरलेला पळसाच्या पानाचा द्रोण तिनं टेबलावर ठेवला. द्रोणात सात-आठ पिवळीधमक शिंगं होती. सगळ्यात मोठं अर्ध्या बोटाएवढं, बाकीची नखाएवढी, टोकाला किंचित निमुळती. हळदीत बुडवून काढल्यासारखी.

"चनमल्ला, बघ की रे, हे काय उगवलंय माळवदावर? पन्हळीच्या बाजूला. बोळातल्या बायका म्हनत्यात, मल्लय्याचा भंडारा वर आलाय. एकीनं तर कुंकू वाहिलं."

चनमल्लप्पांनी द्रोण हातातसुद्धा घेतला नाही. ते बाटल्या पुसत होते, तिथूनच म्हणाले, "क्लॅवेरिया. मातीतली आळंबी हाय अक्का. मेलेलं गवत, पालापाचोळा खाती. घराला काय करत न्हाय."

"काढून टाकू का?"

"कशाला? ऊन पडलं की आपोआप वाळंल."

काशम्मा निर्धास्त होऊन गेली. चनमल्लप्पांनी दोन शिंगं फॉर्मेलीनच्या बाटलीत घातली, आपल्या रेखीव अक्षरात चिठ्ठी लावली आणि तारीख घातली, ९ सप्टेंबर. उरलेली एका बशीत खिडकीत पडून राहिली आणि वाळून गेली.

काशम्माचं घर चनमल्लप्पांच्या घराला एका भिंतीनं लागून होतं, बाळीवेशीच्या मागच्या बोळात. नवरा गेल्यावर तिनं शेंगाचटणी आणि कडक भाकरी करून विकायचा उद्योग मांडला होता. पुढच्या खोलीत चार बायका दगडी उखळांत दिवसभर शेंगदाणे कुटायच्या. घर माळवदाचं. म्हणजे वर लाकडाच्या तुळया, तुळयांवर आडव्या फळकुटांचा थर आणि त्यावर हातभर पांढरी माती. तेव्हा सोलापुरात अशी घरं बोळाबोळांतून होती, आणि मातीखाली काय चाललंय याचा विचार कुणी करत नसे.

अकरा दिवसांनी, शनिवारी, मी कारण नसताना ती बशी उचलली. खरं तर कारण होतं. नव्या आलेल्या पुस्तकात मी वाचलं होतं, की मातीतल्या या पिवळ्या आळंब्या वरून सगळ्या सारख्याच दिसतात. कुणाचे बीजाणू गुळगुळीत असतात, कुणाचे काटेरी. ते पाहिल्याशिवाय जात ठरवता येत नाही. मला मुलांना तो फरक दाखवायचा होता.

"चनमल्लप्पा, एक काप काढून द्याल?"

"बाई, गदेसारखी पिवळी आळंबी, मातीत उगवलेली. त्यात आनि काय बघायचं?"

"बीजाणू काटेरी आहेत का, एवढंच."

ते हसले. पण नाही म्हणायचा त्यांचा स्वभाव नव्हता. वाळलेल्या शिंगांवर त्यांनी पाणी ओतलं. अर्ध्या तासात ती पुन्हा टम्म फुगली, चकचकीत झाली. मातीतली आळंबी एकदा वाळली की तिचा चुरा होतो, अशी फुगून ताजी होत नाही, हे मला नंतर सुचलं. चनमल्लप्पांनी एक शिंग चिमट्यात धरून ओढलं. ते रबरासारखं ताणलं गेलं आणि तुटलं नाही. क्लॅवेरिया असती तर कटकन मोडली असती. त्यांचा हात क्षणभर थांबला. त्यांनी ते पुन्हा एकदा ओढून पाहिलं.

काप सरळ यावा म्हणून गाजराच्या फोडीत शिंग धरून त्यांनी काप काढले, निळ्या रंगाचा थेंब टाकला, काच बसवली, मायक्रोस्कोपचा आरसा खिडकीकडं वळवला आणि डोळा लावला.

मी वही काढून बसले होते. बराच वेळ गेला. ते वर बघेनात.

"काटेरी आहेत?" मी विचारलं.

त्यांनी ती काच काढून बाजूला ठेवली, दुसरा काप घेतला, पुन्हा रंग, पुन्हा काच. मग तिसरा. तिसरा काप त्यांनी आधीच्या दोहोंपेक्षा पातळ काढला.

"बाई, जरा बघा," ते म्हणाले. "मला बेचकी दिसतीय."

मी डोळा लावला. ज्या पेशीवर आळंबीचे बीजाणू धरतात, ती क्लॅवेरियात फुगीर दांड्यासारखी असते आणि तिच्या डोक्यावर चार बारीक टोकं असतात. इथं तसं काहीच नव्हतं. प्रत्येक पेशी वर जाऊन दोन लांब हातांत दुभंगली होती. अगदी पाखरं हाणायच्या बेचकीसारखी. एक नाही, दोन नाही, रांगेनं बेचक्याच बेचक्या. बीजाणू गोलही नव्हते आणि काटेरीही नव्हते. लांबट, किंचित वाकलेले, काहींच्या मधोमध एक आडवी भिंत.

मी पुस्तक ओढून घेतलं. नाव चुकलं म्हणून नाही, नावं चुकतात. पुस्तकाच्या मागच्या भागात अशा बेचकीवाल्यांचं एक वेगळंच कुटुंब दिलं होतं, आणि त्याबद्दलची ओळ मला पुसट आठवत होती. मी पानं उलटली. ओळ सापडली, आणि मी ती मराठीत सांगितली.

"ही कॅलोसेरा आहे, चनमल्लप्पा. क्लॅवेरिया नाही. ही मातीत वाढत नाही. लाकडावर वाढते. लाकूड कुजवते."

त्यांनी काच पुन्हा उजेडाकडं धरली.

"पन माळवदावर लाकूड कुटं हाय बाई? वर नुसती माती हाय..."

वाक्य पुरं झालं नाही. त्यांचा चेहरा माझ्या डोळ्यांदेखत पांढरा पडला. कपाळावरची विभूती आणि कातडी यांचा रंग एक झाला म्हटलं तरी चालेल.

"ते मातीतनं आलंच न्हाय," ते हळू म्हणाले. "पन्हळीपाशी माती वाहून बोटभर राहिलीय. ते खालनं आलंय. तुळईतनं."

मी काही बोलायच्या आत ते उठले होते. खुर्ची मागं पडली, ती त्यांनी उचलली नाही. जाताना टेबलावरची चिरफाडीची लांब सुई तेवढी उचलून सदऱ्याच्या खिशात टाकली आणि सायकल काढली. मी टांगा करून मागोमाग गेले. सकाळचे साडेअकरा वाजले असतील. पावसानं उघडीप दिली होती.

बोळाच्या तोंडाशीच उखळांचा आवाज ऐकू आला. धप्, धप्, धप्. चार मुसळं एका ठेक्यात पडत होती. प्रत्येक ठोक्याचा हादरा भिंतीतून वर तुळईपर्यंत जात असणार.

मी दारात पोचले तेव्हा चनमल्लप्पा खोलीच्या मधोमध उभे होते आणि बायका मुसळं थांबवून त्यांच्याकडं बघत होत्या.

"बाहेर व्हा सगळ्या," ते म्हणत होते. "काय उचलू नका. बाहेर व्हा."

"एनायतु रे?" काशम्मा चुलीपुढून उठत म्हणाली. "काय झालं काय?"

"अक्का, तुळई कुजलीय."

काशम्मानं वर पाहिलं. मीही पाहिलं. जाडजूड तुळई, दिवाळीला दिलेलं तेल अजून चमकत होतं. कुठं भेग नाही, भोक नाही, बाक नाही.

"ही कुजलीय?" काशम्मा हसली. "माझ्या सासऱ्यानं घातलेली हाय ती. आनि तूच म्हनलास की, घराला काय करत न्हाय म्हनून."

"मी चुकलो."

काशम्माचं हसू तिथंच थांबलं. या माणसाच्या शेजारी तिची वीस वर्षं गेली होती. हे दोन शब्द तिनं त्यांच्या तोंडून ऐकले नव्हते. तरीही ती हलली नाही. सोमवारी एका वसतिगृहाला चटणी पोचवायची होती, दाणे भाजून झाले होते. "उद्या सुताराला बोलावते," ती म्हणाली. "आज एवढं कुटून होऊ दे."

चनमल्लप्पांनी भाकरीचा उंच पाट भिंतीशी ओढला, त्यावर चढले आणि पन्हळीच्या बाजूला, तुळईचं टोक भिंतीत जिथं शिरत होतं, तिथं सुई टेकवली. जोर लावला असं मला दिसलं नाही. सुई मुठीपर्यंत आत गेली. लोण्यात जावी तशी. आवाजही आला नाही. त्यांनी ती बाहेर ओढली, तेव्हा तिच्यामागून तपकिरी भुगा खाली सांडला. मग त्यांनी अंगठा दाबला. चकचकीत पापुद्रा आत गेला आणि मागून चौकोनी चौकोनी तुकडे गळून पाटावर पडले. काशम्मानं एक तुकडा बोटांत धरला. त्याची तपकिरीसारखी पूड झाली.

आणि मग चनमल्लप्पांची नजर तुळईवरून सरकत गेली, आणि त्यांच्या तोंडून जो आवाज निघाला तो शब्द नव्हता.

त्याच तुळईला लुगड्याची झोळी बांधलेली होती. कुटायला येणाऱ्या बाळाबाईची सात महिन्यांची मुलगी तिच्यात झोपली होती. इतका वेळ ती झोळी आमच्या डोळ्यांसमोर होती. मी दारात उभी राहून ती पाहिली होती, आणि माझ्या मनाला ती पोचलीच नव्हती.

बाळाबाई धावली. चनमल्लप्पांनी हातानं तिला थांबवलं. "वढू नको. झोळीला झटका देऊ नको," ते कुजबुजले. त्यांनी खालून दोन्ही तळवे लावून पोर अलगद वर उचललं, झोळी सैल झाली, आणि मगच त्यांनी ते आईच्या हातात दिलं. पोर जागंही झालं नाही. बायका एकामागून एक बाहेर पडल्या. शेवटी काशम्मा, चूल विझवून.

त्या दिवशी काही झालं नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. रविवारी सुतार आला, त्यानं बाहेरूनच पाहून सांगितलं, की वरची माती आधी उतरवावी लागेल, आणि ओल्या मातीवर चढायला तो तयार नव्हता. काशम्मा चनमल्लप्पांच्या घरी चूल मांडून बसली, पण तिच्या मनात राग होता. बोळातले लोक हसायला लागले होते. "आळंबीला भिऊन घर सोडलं," असं कुणीतरी म्हटलेलं मीही ऐकलं. चनमल्लप्पांनी रजा टाकली आणि काशम्माच्या ओट्यासमोर घोंगडी टाकून बसून राहिले. कुणाला आत जाऊ देईनात.

मंगळवारी सकाळी स्वच्छ ऊन पडलं. दहाच्या सुमाराला मी सहज डोकावले, तर काशम्मा त्यांच्याशी भांडत होती.

"तीन दिस झाले. ऊन पडलंय, माती वाळंल. माझी उखळं तरी बाहेर काढू दे."

"न्हाय अक्का."

"तू सरक. माझं घर हाय."

"तुजं हाय. पन मी न्हाय सरकनार."

ती त्यांना वळसा घालून उंबऱ्याकडं निघाली. चनमल्लप्पांनी तिचं मनगट धरलं. परक्या बाईचा हात धरणारा हा माणूस नव्हे. बोळात चारचौघं बघत होती. काशम्मा थक्क होऊन त्यांच्याकडं बघतच राहिली.

आणि घर खाली बसलं.

दुसरा शब्द मला सुचत नाही. वारा नव्हता, पाऊस नव्हता, कडकड असा आवाजसुद्धा झाला नाही. शंभर पोती एकदम जमिनीवर टाकावीत तसा एकच जड आवाज आला, दारातून पांढऱ्या धुळीचा लोट आमच्या अंगावर आला, आणि धूळ खाली बसली तेव्हा दरवाज्याच्या चौकटीतून समोर आभाळ दिसत होतं. चारही उखळं मातीखाली गेली होती. बायका जिथं बसायच्या तिथं छातीएवढा ढीग होता.

हसणारे भिंतीला टेकले होते. उखळं काढायला आलेली बाळाबाई पोराला छातीशी धरून जमिनीवर बसली, आणि ती रडतही नव्हती. काशम्माचं मनगट अजून चनमल्लप्पांच्या हातात होतं. दोघांच्याही ते ध्यानात नव्हतं.

मग लोकांना कंठ फुटला. कुणी त्यांच्या पाया पडायला लागलं, कुणी म्हणालं देवमाणूस. चनमल्लप्पा ते ऐकत नव्हते. ते माझ्याकडं वळले.

"अकरा दिस, बाई," ते म्हणाले. "ती पानात घालून घेऊन आली होती. माझ्या टेबलावर ठिवली होती. मी हात लावला न्हाय. अकरा दिस ते पोर हितं झोपत होतं."

"पण वेळेवर कळलं ना," मी म्हटलं.

"तुमाला काटे बघायचे होते म्हनून कळलं. मला कळलं न्हाय."

मी त्यांची घोंगडी उचलली आणि धूळ झटकून त्यांच्या हातात दिली.

काशम्मानं त्यांना दोष दिला नाही. दुसऱ्या दिवशी तिनं एवढंच म्हटलं, "तू मनगट सोडलं असतंस तर मी आत होते." पुढं तिनं पत्र्याचं छप्पर घातलं. बाळाबाई बरीच वर्षं तिच्याकडं कामाला राहिली.

चनमल्लप्पा मात्र बदलले. दिवाळीच्या सुट्टीनंतर मी प्रयोगशाळेत गेले, तर संग्रहालयातल्या सगळ्या बाटल्या टेबलांवर मांडलेल्या. दोनशे अकरा. ते एकेक उघडत होते, काप काढत होते, डोळा लावत होते. विभागप्रमुख वैतागले. "अहो, विद्यापीठाची समिती येणार आहे. जुनं कशाला उकरताय?"

"सर, ह्यातली किती नावं मी नुसत्या डोळ्यानं घातली, मला म्हाईत न्हाय," चनमल्लप्पा म्हणाले. "ती मला बघू द्या."

तीन महिने लागले. नऊ नावं चुकलेली निघाली. विभागप्रमुख हादरले, कारण त्या नऊ बाटल्यांवर वर्षानुवर्षं मुलांनी परीक्षा दिल्या होत्या. चनमल्लप्पांनी प्रत्येक चुकीची चिठ्ठी काढली, आणि प्रत्येक वेळी मला बोलावून दाखवली. मान खाली घालून, पण दाखवली.

आमच्या त्या पिवळ्या शिंगाची नेमकी जात कोणती, हे मात्र आम्हाला ठरवता आलं नाही. मी राहिलेले तुकडे आणि आमची रेखाटनं पुण्याला बुरशीच्या एका अभ्यासकांकडं पाठवून दिली. आयुष्यभर हेच काम केलेला माणूस. फेब्रुवारीत त्यांचं उत्तर आलं. मी ते चनमल्लप्पांना मराठीत वाचून दाखवलं. कॅलोसेरा हा गट बरोबर आहे, असं त्यांनी लिहिलं होतं. परंतु नमुना अपुरा आहे, तेव्हा जात कोणती हे मला सांगता येत नाही.

"परत वाचा," चनमल्लप्पा म्हणाले.

मी परत वाचलं.

"एवढा मोठा मानूस," ते म्हणाले, "आनि खाली सही करून लिवतो, मला सांगता येत न्हाय म्हनून?"

ते पत्र त्यांनी माझ्या हातून घेतलं. इंग्रजी त्यांना वाचता येत नव्हतं. अक्षरं तेवढी ओळखू यायची. तरी ते खिडकीशी गेले आणि त्या सहीवर बोट ठेवून कितीतरी वेळ उभे राहिले.